सर्व्हरच्या गावाला

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी बँकेच्या काउंटरमागे बसून इतक्या वेळा उच्चारले आहे की, शेवटी शेवटी नेहमीचे ग्राहक खिडकीशी येऊन मलाच विचारायचे, ‘काय मॅडम, आलाय का आज?’ हा सर्व्हर राहतो कुठे, दिवसभर करतो काय आणि ‘डाऊन’ होतो म्हणजे त्याचे नेमके काय होते, हे आमच्या शाखेत कुणालाच ठाऊक नव्हते. मॅनेजरसाहेबांनाही नाही. निवृत्तीनंतर युरोपला जायचे ठरले तेव्हा बरोबरीच्या मैत्रिणींनी टिटलिस आणि आयफेल टॉवर धरला. मी म्हटले, मला सर्व्हर बघायचेत. भाचा अ‍ॅमस्टरडॅमला नेटवर्क इंजिनियर आहे. तो फोनवर हसत सुटला.

‘मावशी, सर्व्हर बघायला कुणी जातं का? नुसती लोखंडी कपाटं असतात गं.’

‘अरे, मग टिटलिसवर तरी काय, नुसता बर्फच असतो ना?’

तो गप्प बसला आणि त्याने मला दोन ठिकाणे सांगितली : आधी जिनिव्हा, मग अ‍ॅमस्टरडॅम.

जिनिव्हाच्या कोर्नाव्हाँ स्टेशनापासून १८ नंबरची ट्राम धरली की ती गावाबाहेर, मेरॅंच्या वस्तीतून पुढे नेत थेट शेवटच्या थांब्यावर सोडते. थांब्याचे नावच ‘सर्न’. उतरल्यावर एका अंगाला ‘ग्लोब’ नावाची लाकडी घुमटाकार इमारत आणि दुसर्‍या अंगाला रस्त्यावरून आडवा गेलेला काचेचा पूल. हे सायन्स गेटवे, रेन्झो पियानो या इटालियन वास्तुरचनाकाराचे काम, ऑक्टोबर २०२३मध्ये उघडलेले. मागे ज्युराची निळसर रांग, ती फ्रान्समध्ये. स्वित्झर्लंड-फ्रान्सची हद्द प्रयोगशाळेच्या आवारातूनच जाते. आतल्या रस्त्यांना शास्त्रज्ञांची नावे आहेत आणि एका इमारतीजवळ भारत सरकारने २००४ साली भेट दिलेली दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ती आहे. परमुलखात नटराज दिसला की आपला माणूस थांबतोच, मीही थांबले. भारत २०१७पासून या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे.

सर्न म्हणजे अणूच्या पोटातले कण एकमेकांवर आदळवून बघणारी प्रयोगशाळा. २७ किलोमीटर घेराचा बोगदा, त्यातली टक्कर, हिग्ज बोसॉन, हे सगळे जगप्रसिद्ध आहे आणि त्यावर मी काही बोलणे बरे नव्हे. मी आले होते एका काळ्या डब्यासाठी.

तो डबा म्हणजे नेक्स्ट कंपनीचा संगणक. अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्ज यांनी काढलेली ही कंपनी. फूटभर बाजूचा काळा ठोकळा, सोबत एक अवजड पडदा. ठोकळ्यावर एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली सूचना : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. चिठ्ठी टिम बर्नर्स-ली यांची. १९९०च्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर याच यंत्रावर चालू झाला. रात्री घरी जाताना कुणी सवयीने बटण दाबले असते, तर त्या काळी अख्खे वर्ल्ड वाइड वेब बंद पडले असते.

माझी सगळी कल्पना या चिठ्ठीने मोडीत काढली. सर्व्हर म्हणजे तळघरात गुरगुरणारे अगडबंब काहीतरी असणार, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात कोणताही संगणक सर्व्हर होऊ शकतो. त्यावर एक प्रोग्रॅम सतत जागा राहून, कुणी काही मागतेय का, याकडे कान देऊन बसलेला हवा, इतकीच अट. एकाच यंत्रावर असे अनेक प्रोग्रॅम बसू शकतात. कोणता निरोप कुणासाठी, यात घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाला क्रमांक ठरवून दिलेला असतो, त्याला पोर्ट म्हणतात. वेबचा ८०, टपाल पोचवणार्‍याचा २५, नावांचे पत्ते सांगणार्‍याचा ५३. जगभर हेच आकडे.

बर्नर्स-ली यांची अडचण अगदी कारकुनी होती. सर्नमध्ये देशोदेशीचे लोक काही वर्षांसाठी येतात आणि निघून जातात. प्रत्येकाचा संगणक वेगळा : कुणाकडे व्हॅक्स, कुणाकडे आयबीएमचा मेनफ्रेम, कुणाकडे युनिक्स, कुणाकडे मॅक. एकावरची माहिती दुसर्‍याला दिसत नसे आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर माहितीही जात असे. मार्च १९८९मध्ये त्यांनी यावर एक टिपण लिहून वरिष्ठांना दिले. वरिष्ठ माइक सेंडाल यांनी त्यावर पेन्सिलीने शेरा मारला, तो असा की कल्पना धूसर आहे, पण उत्सुकता वाढवणारी आहे. टिपण फायलीत पडले नाही ही त्या शेर्‍याची कृपा. आमच्याकडे ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला असता.

त्यांनी सगळ्यांचे संगणक एकसारखे करण्याच्या भानगडीत न पडता फक्त बोलायची रीत ठरवली. ती इतकी साधी होती की, हसू येईल. विचारणार्‍याने एक ओळ पाठवायची : ‘दे’, आणि पुढे कागदाचे नाव. सर्व्हरने तो कागद पाठवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. एवढेच. कोण बोलत होते, याआधी काय मागितले होते, काही लक्षात ठेवायचे नाही. या विसरभोळेपणातच वेब सर्व्हरचे बळ आहे. आठवणी सांभाळायच्या नसल्यामुळे तो एका वेळी हजारोंना उत्तरे देऊ शकतो आणि एक यंत्र पडले तर शेजारचे यंत्र तेच काम विनातक्रार उचलते. पुढे वेबवर दुकाने थाटायची वेळ आली तेव्हा गिर्‍हाइकाची ओळख ठेवणे भाग पडले. मग १९९४मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ काढली. सर्व्हर तुमच्याजवळच एक चिठ्ठी ठेवायला देतो. पुढच्या खेपेस तुम्ही ती दाखवायची, म्हणजे त्याला ओळख पटते. नेट बँकिंगमध्ये पाच मिनिटे चहा पिऊन आलात की, पुन्हा पासवर्ड विचारतात, कारण त्या चिठ्ठीची मुदत संपलेली असते.

सर्नमधल्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीला वेब कशासाठी वापरले? फोन नंबर शोधायला. प्रयोगशाळेची टेलिफोन डिरेक्टरी आयबीएमच्या मेनफ्रेमवर होती. बर्न्ड पोलेरमान या सहकार्‍याने त्या मेनफ्रेमवर एक सर्व्हर बसवला, तो वेबवरून आलेला प्रश्न डिरेक्टरीला समजेल अशा भाषेत विचारायचा आणि उत्तराचे पान करून परत द्यायचा. डिसेंबर १९९१मध्ये अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर स्टॅनफर्डच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत पॉल कुंझ यांनी उभा केला, तोही असाच : मागे भौतिकशास्त्रातल्या शोधनिबंधांची मोठी जंत्री, पुढे वेब सर्व्हर. आज रेल्वेचे आरक्षण असो की सातबारा, पुढे बसून आपल्याशी बोलणारा सर्व्हर वेगळा आणि मागे माहितीचा साठा सांभाळणारा, म्हणजे डेटाबेसचा, सर्व्हर वेगळा. पुढच्याकडे स्वतःचे असे जवळजवळ काही नसते. कुणाला विचारायचे, हे त्याला ठाऊक असते.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना फुकट वापरायला मोकळे केले आणि १९९४ संपेपर्यंत जगात दहा हजार वेब सर्व्हर झाले. अर्ज, लायसन्स, रॉयल्टी यांतले काही लावले असते तर काय झाले असते, याचा विचारच करवत नाही.

त्या पहिल्या सर्व्हरचे नाव ‘इन्फो डॉट सर्न डॉट सीएच’. ते आजही चालते. मी तिथल्याच बाकावर बसून फोनमध्ये टाइप केले आणि पान आले; साधे, पांढर्‍यावर काळे, निळ्या दुव्यांचे. पण माझ्या फोनला ते नाव कुठे राहते हे कळले कसे? संगणकांना नावे समजत नाहीत, आकडी पत्ता लागतो. इथे दुसर्‍या जातीचे सर्व्हर येतात, नावावरून पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हर. त्यांची रीत परक्या गावात पत्ता शोधण्यासारखी आहे. वेशीवरच्या माणसाला अमक्यांचे घर ठाऊक नसते, तो म्हणतो, ब्राह्मणआळीत विचारा. आळीच्या तोंडाशी म्हणतात, विहिरीपलीकडच्या वाड्यात विचारा. वाड्यातला माणूस दार दाखवतो. तसेच इथे. वेशीवरचे ते मूळ सर्व्हर, रूट सर्व्हर. ते म्हणतात, नावाच्या शेवटी ‘सीएच’ आहे ना, मग स्वित्झर्लंडच्या सर्व्हरला विचारा. तो म्हणतो, ‘सर्न’चे सर्नला विचारा. सर्नचा डीएनएस सर्व्हर नेमका आकडा देतो. मधला जो सर्व्हर तुमच्या वतीने ही विचारपूस करत हिंडला, तो ते उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्याला वेशीपासून हिंडायला नको.

ही रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच फायलीत असत, ती फाइल कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती फाइल हाताबाहेर गेली. मोकापेट्रिस यांनी सगळे एकाला ठाऊक असण्याची गरजच काढून टाकली. मूळ सर्व्हरांची नावे तेरा, ‘ए’पासून ‘एम’पर्यंत, कारण तेरा पत्त्यांची यादी त्या काळच्या ५१२ बाइटांच्या एका पुडक्यात मावत होती. नावे तेराच राहिली, पण प्रत्येक नावाच्या अनेक प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, मुंबईतही आहेत, आणि तुमचा प्रश्न वाटेत जी जवळ पडेल तिच्याकडे जातो.

दुपारी मार्गदर्शकाच्या फेरीतल्या गटाबरोबर सर्नचे डेटा सेंटर पाहिले. पाहिले म्हणजे वरच्या काचेतून. खाली कपाटांच्या रांगा, हिरवे-निळे दिवे, आणि काचेतूनही ऐकू येणारा पंख्यांचा एकसुरी आवाज. भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण आमची मार्गदर्शक, एक हसतमुख इटालियन मुलगी, एकेका रांगेचे काम सांगू लागली तेव्हा ती कपाटे एकसारखी दिसेनात.

टक्करयंत्रात सेकंदाला शंभर कोटींपर्यंत टकरी होतात. सगळ्या साठवणे अशक्य. म्हणून पहिल्या पायरीचे संगणक क्षणार्धात निवड करून बहुतेक सगळे फेकून देतात. उरलेले डिस्कवर जाते. २०२३मध्ये इथली डिस्कची साठवण एक एक्साबाइटवर, म्हणजे दहा लाख टेराबाइटवर, गेली. त्याची दुसरी प्रत जाते टेपवर. हो, टेपवरच, कॅसेटच्या जमान्यातल्या! मला वाटले ऐकण्यात चूक झाली. पण वर्षानुवर्षे ठेवायच्या, क्वचित लागणार्‍या माहितीला टेप स्वस्त पडते आणि नुसती पडून असताना वीज खात नाही. यंत्रमानवाचा हात फळीवरून ती काढून वाचकयंत्रात घालतो. डिस्कचा सर्व्हर क्षणात उत्तर देतो. टेपचा सर्व्हर ‘थांबा, काढून ठेवतो’ म्हणतो आणि मागणी रांगेत लावतो.

इतके करूनही विश्लेषणाचे सगळे काम एका ठिकाणी होणे शक्य नव्हते, म्हणून ते चाळीसहून अधिक देशांतल्या दीडशेच्या वर केंद्रांत वाटून दिले आहे. सर्न ही शून्य पातळी. पहिल्या पातळीवर डझनभराहून थोडी जास्त मोठी केंद्रे, तीही टेपची प्रत ठेवणारी. दुसर्‍या पातळीवर विद्यापीठे आणि संस्था. भिंतीवरच्या नकाशात मला मुंबई दिसली : कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दुसर्‍या पातळीचे केंद्र, सीएमएस या प्रयोगासाठी. नेव्हीनगरच्या बसमधून त्या फाटकासमोरून मी कितीदा गेले असेन.

इथली देवाणघेवाणीची पद्धत मला सगळ्यांत आवडली. एका देशातली फाइल दुसर्‍या देशात न्यायची असेल तर सर्नचा ‘फाइल ट्रान्सफर’ सर्व्हर ती स्वतः उचलत नाही. तो दोन्हीकडच्या साठवण-सर्व्हरांना सांगतो, तू दे आणि तू घे. माल थेट त्या दोघांमध्ये जातो. पोचल्यावर दोन्हीकडे फाइलवरून एक बेरीज काढतात. आकडे जुळले तर पोच, नाहीतर पुन्हा पाठवा. बँकेत रोज संध्याकाळी कॅश जुळवणार्‍या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि प्रोग्रॅम? ते तर दीडशे केंद्रांना एकच लागतात. ते सर्नच्या एका मूळ सर्व्हरवर चढवले जातात, तिथून मोजक्या सर्व्हरांवर त्यांची प्रत होते आणि प्रत्येक केंद्राच्या दाराशी एक ‘प्रॉक्सी’ बसवलेला असतो. आतल्या हजार संगणकांपैकी पहिल्याने मागितले की प्रॉक्सी बाहेरून आणतो आणि जवळ ठेवतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना जवळचेच देतो. ही सगळी ने-आण त्याच साध्या वेबच्या भाषेत चालते, ‘दे’ आणि पुढे नाव. काळ्या डब्यावरची भाषा तिथल्याच कपाटांत अजून बोलली जाते.

रात्री हॉटेलातून घरी ईमेल केली. आता मला प्रश्न सुचू लागले होते : आमचे हे तर झोपले असणार, फोन बंद असणार, मग ही ईमेल आत्ता कुठे आहे? टपाल सर्व्हर वेब सर्व्हरच्या अगदी उलट स्वभावाचा. वेब सर्व्हर विसरतो, हा विसरूच शकत नाही. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली त्याची रीत लिहून काढली. पाठवणारा सर्व्हर आधी डीएनएसला विचारतो, या नावाचे टपाल कोण घेते. उत्तरात पसंतीक्रमाने एक-दोन नावे येतात. पहिल्याचे दार वाजवायचे. तो नसेल तर दुसर्‍याचे. दोघेही नसतील तर पत्र रांगेत ठेवून थोड्या वेळाने पुन्हा जायचे. असे चार-पाच दिवस केल्यावरच पत्र परत करायचे, तेही ‘का पोचले नाही’ हे लिहून. पुढच्याने ‘मिळाले’ म्हटल्याशिवाय आपली प्रत पुसायची नाही. जबाबदारी हातातून हातात जाते, मध्ये जमिनीवर पडत नाही. आपल्याकडच्या कचेर्‍यांतल्या आवक-जावक टेबलांवर हा नियम टांगायला हरकत नाही.

जिनिव्हाहून पॅरिस आणि तिथून ब्रसेल्स, अँटवर्प, रॉटरडॅम करत अ‍ॅमस्टरडॅम, असा आगगाडीचा प्रवास. बुर्गुंडीतले पिवळे मळे खिडकीतून पळत होते आणि मी फोन गाडीच्या वायफायला जोडला. जोडल्याबरोबर एक डीएचसीपी सर्व्हर आपल्याला आकडी पत्ता देतो. देतो म्हणजे उसना; मुदत संपली की वाढवून घ्यायची किंवा तो दुसर्‍याला जातो. शिवाय हे पत्ते गाडीपुरतेच खरे. बाहेरच्या जगाला अख्ख्या गाडीतले प्रवासी मिळून एकच पत्ता दिसतो आणि आलेले उत्तर कोणत्या सीटचे, हे गाडीतले यंत्र लक्षात ठेवते.

शेजारची फ्रेंच मुलगी व्हिडिओ पाहत होती. तो व्हिडिओ अमेरिकेहून येत नसतो, हे मला भाच्याने आधीच फोनवर सांगितले होते. १९९५च्या सुमारास बर्नर्स-ली अमेरिकेत एमआयटीत होते. वेबवर गर्दी वाढली की सगळे एकाच सर्व्हरवर तुटून पडणार, यावर तोडगा काढा, असे त्यांनी सहकार्‍यांपुढे मांडले. तिथलेच गणिती टॉम लेटन यांनी ते मनावर घेतले आणि त्यांचे विद्यार्थी डॅनी लुइन यांच्याबरोबर १९९८मध्ये अकामाई ही कंपनी काढली. युक्ती अशी की, एकाच मालाच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरांवर आधीच नेऊन ठेवायच्या आणि मागणारा जिथे असेल त्याच्या जवळच्या सर्व्हरचा पत्ता त्याला द्यायचा. आज मोठ्या कंपन्या हेच करतात. ठाण्यात पाहिलेला सिनेमा बहुधा मुंबई परिसरातल्याच कपाटातून आलेला असतो. पुन्हा काम केले ते पत्ता सांगणार्‍याने.

अ‍ॅमस्टरडॅमचे सायन्स पार्क शहराच्या पूर्वेला आहे, सेंट्रल स्टेशनहून लोकलने दहाएक मिनिटांवर. ही सगळी वाटरग्राफ्समेअरची जमीन म्हणजे १६२९ साली पाणी उपसून कोरडे केलेले तळे. आजही समुद्रसपाटीच्या कित्येक मीटर खाली. युरोपातल्या इंटरनेटचा मोठा चौक तळ्याच्या तळाशी वसवायचे धाडस डच माणसेच करू जाणोत. भाचा स्टेशनवर आला होता.

‘मावशी, आधी कॉफी की आधी कपाटं?’

‘कपाटं. कॉफी काय, ठाण्यातही मिळते.’

कपाटे आतून दाखवायची त्याला परवानगी नव्हती. पण बाहेरून हिंडत त्याने इमारती ओळखवून दिल्या. ही सीडब्ल्यूआय, गणित आणि संगणकशास्त्राची राष्ट्रीय संस्था. पायथन ही संगणकभाषा जन्मली ती इथेच. १७ नोव्हेंबर १९८८ रोजी इथल्या पीट बेरतेमा यांना अमेरिकेहून ईमेल आली की, तुम्हाला आमच्या जाळ्याशी जोडून घेतले आहे. युरोपचे अमेरिकेतल्या इंटरनेटशी खुले नाते तेव्हापासूनचे.

त्याआधी टपाल कसे जाई, हे भाच्याने कालव्याकाठच्या बाकावर बसून सांगितले. यंत्रे रात्री, फोन स्वस्त असताना एकमेकांना फोन लावत आणि साठलेली पत्रे पुढे ढकलत. पत्त्यात घराचे नाव पुरत नसे. पूर्ण मार्ग लिहावा लागे : या यंत्रावरून त्या यंत्रावर, तिथून तिसर्‍यावर, मध्ये उद्गारचिन्हे. एक यंत्र चुकले की पत्र हरवले. आपल्या मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेतले लोक याच रीतीने आयआयटी पवईशी पत्रे देत-घेत होते आणि १९८९मध्ये त्यांची अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची लाइन लागली, सेकंदाला ९.६ किलोबिटची. आजचा एक साधा फोटो तिच्यावरून यायला पाऊण तास सहज लागला असता. या कामाचे सूत्रधार श्रीनिवासन रमाणी यांचे नाव इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये आहे. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते नंतर, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून.

शेजारची निकेफ ही कणभौतिकीची संस्था. सर्नच्या पहिल्या पातळीच्या केंद्रांपैकी एक इथे आहे, म्हणजे जिनिव्हाच्या टेपवरची टक्कर या तळ्यातही येऊन पोचते. आणि याच इमारतीत अ‍ॅम्स-आयएक्स या इंटरनेट एक्स्चेंजचे सुरुवातीपासूनचे एक ठाणे आहे. एक्स्चेंज म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना भेटतात तो चौक. शेकडो जाळी इथे जोडलेली आहेत आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला दहा टेराबिटहून अधिक माहिती इथून हात बदलते.

‘पण कुणाचं कुठे जायचं, हे ठरवतं कोण?’ मी विचारले.

‘कुणीच नाही. प्रत्येक जाळं फक्त शेजार्‍याला सांगतं की, अमके पत्ते माझ्याकडून गाठता येतात. शेजारी पुढच्याला सांगतो. इथे शेकडो शेजारी, प्रत्येकाशी वेगळं बोलत बसणार कोण? म्हणून मध्ये एक रूट सर्व्हर असतो, रस्त्यांचा, डीएनएसचा तो नव्हे. सगळे त्याला आपापल्या वाटा सांगतात, तो त्या सगळ्यांना कळवतो. माल मात्र त्याच्यातून एक थेंबही जात नाही.’

जिनिव्हाचा फाइल पाठवणारा सर्व्हर त्याच स्वभावाचा. डीएनएसही तसाच. मला तिथे बसल्या बसल्या उमगले की, मी सर्व्हर बघायला निघाले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होते ते माल देणारे. पण या जाळ्याचा डोलारा त्यांच्याइतकाच वाट सांगणार्‍यांवर उभा आहे. त्यांच्याजवळ देण्यासारखे काही नसते आणि पूर्ण वाट त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते.

वाट सांगणारे गप्प झाले तर काय होते, ते ४ ऑक्टोबर २०२१ला जगाने पाहिले. फेसबुकच्या कंपनीत देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांची डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. त्यांचे डीएनएस सर्व्हर असे रचलेले होते की, डेटा सेंटर हाताला लागले नाही की त्यांनी आपली वाट जगाला सांगणे बंद करावे. त्यांनी ते केले. सहा तासांच्या आसपास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळे गायब. यंत्रे चालू होती, फोटो जागच्या जागी होते, पण तिथे जायचे कसे हे पृथ्वीवर कुणी सांगेना. आमच्या शाखेचा सर्व्हरही माझ्या नोकरीच्या वर्षांत कितीदा खरोखर पडला असेल आणि कितीदा मधली लाइनच तुटली असेल, देव जाणे.

पार्कमध्ये खिडक्या जवळजवळ नसलेला एक उंच मनोरा आहे. आत मजल्यांवर मजले कपाटेच. ही कपाटे वीज पितात आणि उष्णता ओकतात. २०१९च्या जुलैत अ‍ॅमस्टरडॅम आणि शेजारच्या हार्लेमरमेअरने नवी डेटा सेंटरे बांधायला वर्षभर मनाई केली होती. जागा आणि विजेचे जाळे दोन्ही अपुरे पडू लागले होते. सर्नने २०२४ साली फ्रान्सच्या हद्दीत, प्रेवेसॅंला नवे डेटा सेंटर सुरू केले, त्यातल्या उष्णतेवर आवारातल्या इमारती उबदार ठेवायची योजना आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे इथे आता अशीच बिनखिडक्यांची खोकी एकामागून एक उभी राहत आहेत. तिथल्या उकाड्यात त्या उष्णतेची कुणाला गरज नाही. ती बाहेर फेकायलाच आणखी वीज लागते. पाणी आणि वीज किती लागणार, हे नवी मुंबईकरांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांसारखे आधी विचारायला हवे. बांधून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

जाणार्‍यांसाठी थोडे उपयोगाचे. सर्नच्या सायन्स गेटवेला तिकीट नाही, सोमवारी बंद असते. मार्गदर्शकाबरोबरची फेरी त्या त्या दिवशी तिथेच नोंदवावी लागते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा सकाळची ट्राम धरा. आतले कोणते ठिकाण दाखवतील हे त्या दिवसावर असते. डेटा सेंटर मिळेलच असे नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या सायन्स पार्कमध्ये मनसोक्त हिंडता येते, पण कपाटांच्या इमारतीत ओळखीशिवाय कुणी घेत नाही आणि ओळख असली तरी बहुधा घेत नाही.